लॉगिनचा ओटा

"हात दाखवा."

बदनापूरच्या आक्कांच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिलं हेच ऐकू यायचं. या नाही, बसा नाही, कुठून आलात नाही. शाळेत नखं तपासायला उभं करतात तसे दोन्ही हात पुढे धरायचे, आधी सुलटे, मग पालथे. आक्का चष्म्याच्या वरून बघायच्या आणि बहुतेकांना बोटानंच बाहेरच्या नळाचा रस्ता दाखवायच्या. नळाला एका जुन्या पायमोज्यात साबणाची वडी बांधलेली असायची. हात धुवायचे, हवेत झटकून वाळवायचे आणि पुन्हा येऊन दाखवायचे. मग खुर्ची मिळायची.

हे काही सोवळंओवळं नव्हतं. आमची कंपनी बियाण्यांची. मोठं ऑफिस आणि दुकानांना माल धाडायचा डेपो जालन्याला आणि बियाणं साफ करायचा कारखाना बदनापूरला. शेतकऱ्यांकडून आलेली तूर, मूग, हरभरा तिथं चाळायचा, बायांनी हातानं निवडायचा, कीड लागू नये म्हणून औषध चोळायचं आणि पिशव्या शिवायच्या. ते औषध गुलाबी असतं. कारखान्यात जो राबेल त्याचे हात गुलाबी, रुमाल गुलाबी, चहाचा कपसुद्धा गुलाबी. त्या सगळ्या रंगपंचमीत आक्कांचा कॉम्प्युटर तेवढा पांढरा होता आणि तो तसाच राहावा यासाठी त्यांचा हा पहारा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला राग आला होता. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. कंपनीचे सगळे कॉम्प्युटर माझ्या हाताखाली, त्यामुळे अंगात जरा वारं शिरलेलं होतं. मी म्हणालो, "बाई, मी जालन्याहून आलोय. कॉम्प्युटर विभागातून."

"जालन्याला धूळ न्हाई का?" आक्का म्हणाल्या.

गेलो मुकाट्यानं नळावर. करता काय!

आक्का ठेंगण्या, काटक. हातात पुरुषी घड्याळ, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. ऐंशीच्या सुमारास याच कारखान्यात त्या निवडणाऱ्या बायांमध्ये कामाला लागल्या होत्या. संध्याकाळी क्लासला जाऊन टायपिंग शिकल्या आणि पुढं इथंच टायपिस्ट झाल्या. टाइपरायटर गेला आणि कॉम्प्युटर आला, तेव्हा पन्नाशीच्या आक्का त्याच्यासमोरही तशाच ताठ बसल्या. बदनापूरचा सगळा माल त्यांच्या बोटांतून जायचा: कोणाची तूर आली, कितवा ढीग, कोणत्या गाडीत चढला. त्यांनी बदनापुरात बटण दाबलं की टेलिफोनच्या तारेवरून ती नोंद जालन्याच्या सर्व्हरमध्ये येऊन पडायची. सर्व्हर म्हणजे कंपनीचं सगळं डोकं एका पेटीत. ती पेटी माझ्या शेजारच्या थंड खोलीत होती.

आता तुम्ही ऑफिसात काम केलं असेल तर एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. माणूस चहाला उठतो, कॉम्प्युटर तसाच उघडा असतो आणि पासवर्ड तर पडद्यालाच कागदावर चिकटवलेला असतो. मी लोकांना सांगून सांगून थकलो होतो. आक्कांना मात्र सांगावं लागलं नाही. पाणी प्यायला उठल्या तरी त्या आपलं नाव बंद करून उठायच्या. पडद्यावर नुसती लॉगिनची चौकट उरायची: नाव टाका, पासवर्ड टाका.

"घर उघडं टाकून जाती का कोन्ही?" त्या म्हणायच्या.

एकदा त्या भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. इकडं मॅनेजरला तातडीनं एक कागद छापून हवा होता. त्यांनी लग्नघरी फोन लावून पासवर्ड विचारला. आक्का म्हणाल्या, सांगत न्हाई. मॅनेजर ओरडले. आक्कांनी फोन ठेवला. दुपारी एक जीप कारखान्याच्या फाटकात येऊन थांबली आणि तीतून जरीच्या साडीतल्या आक्का उतरल्या. हात हळदीनं पिवळे. आधी नळावर जाऊन ते धुतले, मग कॉम्प्युटर उघडला, कागद छापला, कॉम्प्युटर बंद केला आणि मॅनेजरांना म्हणाल्या, "जेवायला चला लग्नाला. जीप रिकामीच चाललीय." मॅनेजर खरंच गेले म्हणे.

अशा या आक्का दिवाळीत निवृत्त होणार होत्या, आणि त्यांना एकाच गोष्टीची काळजी लागली होती. ती म्हणजे त्यांची खुर्ची.

जालन्यात असं ठरत आलं होतं की आक्का गेल्या की बदनापूरचा कॉम्प्युटर उचलायचा. तिथं दुसरं कोणी शिकलेलं नाही; कागद जालन्याला पाठवा, आमची पोरं नोंदी करतील. ऐकायला सोपं वाटतं. पण आक्कांना माहीत होतं की कागद दोन-दोन दिवस जीपमध्ये फिरेल, ढिगांची सरमिसळ होईल, आणि कारखान्यातल्या बायांना पुन्हा कोणी विचारणार नाही. मी गेलो की प्रत्येक वेळी त्या विषय काढायच्या.

"भाऊ, खुर्ची हितंच राह्यली पाहिजे."

"आक्का, पण बसणार कोण?"

"कमळ बसंल."

कमळ म्हणजे निवडणाऱ्या बायांमधली एक. तिशीची, उंच, कमी बोलणारी. सातवीपर्यंत शिकलेली, पुढं लग्न झालं. मी जालन्याला मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "गोदामातली बाई? अहो, कॉम्प्युटर म्हणजे काय सूप आहे का पाखडायला?"

विषय तिथंच संपला. निदान मला तसं वाटलं. आक्कांना मी साहेबांचे शब्द थोडे मऊ करून सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नुसतं "बराबर" म्हणाल्या. आक्कांचं "बराबर" म्हणजे होकार नसायचा, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

मग मे महिना आला. मृगाच्या आधी बियाणं दुकानांत पोचलं पाहिजे, म्हणून या दिवसांत आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि नेमक्या याच दिवसांत सर्व्हर आजारी पडला.

आजारही कसा, तर वेळेचा पक्का. सकाळी ठणठणीत. दुपारी जेवणाच्या सुमारास एकदम गळाठायचा. बटण दाबावं आणि चहा पिऊन यावं, तरी पडद्यावर ते घड्याळ आपलं फिरतंच आहे. गाड्या फाटकात उभ्या, कागद निघत नाहीत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, दुकानदार फोनवर शिव्या घालतायत. तासा-दीड तासानं सर्व्हर पुन्हा आपोआप शुद्धीवर. मी तारा बदलल्या, पंखे साफ केले, पेटी बंद करून चालू केली. वैताग नुसता! घरी बायको म्हणाली, झोपेत 'चालू हो, चालू हो' म्हणत होतात.

शेवटी ज्यांनी सगळा प्रोग्रॅम लिहिला होता त्या पुण्याच्या माणसाला बोलावलं. त्यानं दिवसभर डोकं घालून रोग शोधला. झालं होतं ते असं. चोरांपासून राखण म्हणून त्यानं प्रोग्रॅममध्ये एक पहारेकरी ठेवला होता. कोणी चुकीचं नाव किंवा पासवर्ड टाकला की पहारेकरी त्याची नोंद करायचा. पण नवी नोंद करण्याआधी, हा पूर्वी येऊन गेलाय का, हे बघायला तो आधीच्या सगळ्या चुका पहिल्यापासून वाचत बसायचा. आणि तो वाचत असेपर्यंत दार बंद. खरी माणसं बाहेर ताटकळत. दिवसाला दोन-चार चुका असत्या तर कोणाला कळलंही नसतं. इथं चुकांचा डोंगर झाला होता.

"कोणीतरी घुसायचा प्रयत्न करतंय," तो म्हणाला. "रोज दुपारी. तुमच्या बदनापूरच्या मशीनवरून."

मोठे साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "बघा! म्हटलं नव्हतं मी? तो डबा उद्याच्या उद्या उचलून आणा. दिवाळीची वाट बघायची गरज नाही. आणि त्या बाईंना विचारा, त्या जेवायला गेल्यावर तिथं कोण बसतं."

दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन निघालो. खरं सांगतो, वाटेत माझं मन लागत नव्हतं. आक्कांच्या खोलीत चोर? ज्या खोलीत माशीसुद्धा हात धुवून येत असेल त्या खोलीत?

मुद्दाम दुपारीच पोचलो. कारखान्याची यंत्रं जेवणासाठी थांबली होती, त्यामुळे आवाज लांबूनच ऐकू आला. टुक. टुक. टुक टुक टुक. आणि प्रत्येक टुकनंतर बायांचं हसणं.

दाराशी जाऊन बघतो तर निवडणाऱ्या सगळ्या बाया रांगेनं उभ्या, धुतलेले ओले हात पुढं धरून. खुर्चीवर एक म्हातारी. तिच्या शेजारी कमळ वाकून उभी. आक्का बाकड्यावर बसून भाकरी खातायत आणि डोळा रांगेवर. कळपाटीच्या प्रत्येक बटणावर कागदाचा बारका तुकडा चिकटवलेला आणि त्यावर आक्कांच्या अक्षरात क, म, ल, स. पडद्यावर लॉगिनची चौकट.

"हितं ग," कमळ म्हातारीला सांगत होती. "आधी स. मंग क."

म्हातारीनं एका बोटानं, विंचू दाबावा तसं बटण दाबलं. मग दुसरं. चौकटीत अक्षरं उमटली तशी मागच्या बाया पुढं झुकल्या. कमळनं मोठ्या बटणाकडं बोट केलं. म्हातारीनं ते दाबलं. टुक. पडद्यावर लाल ओळ आली: हे नाव चूक आहे.

"न्हाई म्हनला मेला!" म्हातारी ओरडली आणि अशी काय हसली. "माझ्या सुनंवानी करून राह्यला. दारातूनच वाटंला लावतो." आणि तो आवाज तिला आवडला असावा, कारण तिनं ते बटण धरूनच ठेवलं. टुक टुक टुक टुक टुक.

तिकडं जालन्यात फाटकाशी गाड्या उभ्या होत्या, आणि माझा पहारेकरी पहिल्यापासून वाचत बसला होता.

"आक्का!" मी म्हणालो.

म्हातारीनं बटणावरचं बोट झटकन काढून घेतलं. आक्कांनी घास खाली ठेवला. "या भाऊ. हात दाखवा."

"हात राहू द्या. हे काय चाललंय?"

"काय न्हाई. नावं लिहून राह्यल्या. कमळ शिकविती. शिकवायला लागलं की मानूस पक्कं होतं, म्हनून तिलाच शिकवायला लावलं."

"पण लॉगिनच्या चौकटीत?"

"मंग कुठं लिहावं?" आक्कांना माझा प्रश्नच कळला नाही. "आतमंदी कंपनीचं काम. तिथं मी कोन्हाला बोट लावू देत न्हाई. माझं नाव बंद करते, मंगच ह्या बसत्यात. आत कोन्ही गेलं न्हाई भाऊ, बिलकुल न्हाई. बाया बाहेरच्या वट्यावर बसल्या नुसत्या."

आता यांना काय म्हणावं, तुम्हीच सांगा! कंपनीतला एकमेव माणूस, ज्यानं माझा प्रत्येक नियम पाळला, आणि तो पाळल्यामुळंच सर्व्हर आडवा झाला. दुसरं कोणी असतं तर त्यानं आपल्या उघड्या नावावर बायांना बसवलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता. आक्कांनी घर बंद केलं आणि ओटा दिला.

मी बाकड्यावर बसलो आणि त्यांना पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली. ओट्यावरच्या गर्दीनं दार कसं अडतं, ते सांगितलं. ऐकता ऐकता आक्कांचं तोंड बारीक झालं. हातातली भाकरी तशीच राहिली.

"म्हंजे जालन्याच्या गाड्या माझ्यामुळं आडल्या?"

मी मान हलवली.

"मंग घेऊन जा डबा," त्या उठल्या. "बराबर हाय साहेबांचं. उठा ग बायांनो." आणि स्वतःच टेबलाखाली वाकून तार सोडवायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. बाया एकमेकींकडं बघत होत्या. म्हातारी खुर्चीतून उठली आणि पदरानं बटणं पुसायला लागली, जणू त्यानं काही भरून निघणार होतं.

तेवढ्यात कमळ बोलली. तोवर तिचा आवाज मी नीट ऐकलाही नव्हता.

"सायेब, आमचं नाव तेच्यात असतं, तर तेनं न्हाई म्हनलं असतं का?"

"नाही. नाव असतं तर उघडलं असतं."

"मंग एकदाच दाबून काम झालं असतं. एवढं टुकटुक कशाला झालं असतं?"

तिनं हे भांडण म्हणून विचारलं नव्हतं. सरळ विचारलं होतं. आणि मला एकदम वाटलं, अरे, या बाईला नाव द्यायला आपल्याला नेमकं काय आडवं येतंय? साहेबांचं सूप?

मी तिथूनच जालन्याला फोन लावला. साहेबांना सगळं सांगितलं. चोर नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. पाच मिनिटं मी रिसिव्हर कानापासून लांब धरून उभा. त्यांना दम लागला तेव्हा आक्कांनी हात पुढं केला. "द्या हिकडं."

इतक्या वर्षांत त्या मोठ्या साहेबांशी कधी बोलल्या नव्हत्या. पदर सारखा केला, चष्मा काढून टेबलावर ठेवला, मग फोन घेतला.

"नमस्कार साहेब. चूक माझी हाय. बायांची न्हाई, कमळची न्हाई. मला काय करायचं ते करा." थोडा वेळ ऐकत राहिल्या. "व्हय. पर एक सांगू का? मी हितं गोदामात होते तवा टाइपरायटरला दुपारी कुलूप लावत व्हते. मी खिडकीतून बघायची. मला कोन्ही बोट लावू दिलं न्हाई. म्हनून मी लावू देते. आता तुम्ही डबा नेला, तर माझ्यामागं ह्या पुन्ना खिडकीतूनच बघतीन."  खाकरून त्या म्हणाल्या, "दिवाळीपातुर मी बाकड्यावर बसते. खुर्चीवर कमळला बसवा. ती चुकली तर दोघीबी जातो."

 साहेबांनी विचारलं, पण तिला येतं का?

"येतं का म्हंजे?" आक्का म्हणाल्या. "रोज माझ्या मागं उभी राहून समदं बघती ती. परीक्षा घ्या ना!"

साहेब माणूस चिडका, पण सच्चा. त्यांनी परीक्षा लावली. सकाळपासून आलेल्या तुरीच्या नोंदी व्हायच्या होत्या. त्या सगळ्या एकट्या कमळनं संध्याकाळपर्यंत करायच्या. आक्कांनी हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. आणि साहेब जालन्यातून स्वतः बघत बसणार. नापास झाली तर मी जीपमध्ये डबा घालून निघायचं.

मी कमळच्या नावाचं खातं उघडलं. म्हणालो, आता तुमचा पासवर्ड टाका, कोणाला सांगायचा नाही.

"तोंडं फिरवा!" आक्कांनी हुकूम सोडला.

आणि काय सांगू तुम्हाला, सगळ्या बाया भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. म्हातारीनं तर डोळ्यांवर हातही ठेवले. आक्का फिरल्या. मीही फिरलो, खातं मीच उघडून दिलेलं असून! भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्याकडं बघत राहिलो. मागं बटणांचा आवाज येत होता, एकेक, सावकाश. मग मोठं बटण.

टुक झालं नाही.

कोणी हललं नाही. शेवटी म्हातारीनं भिंतीलाच विचारलं, "काय म्हनला ग?"

"या म्हनला," कमळ म्हणाली.

यावर हशा होईल असं मला वाटलं होतं. पण कोणी हसलं नाही. एकीनं नाक ओढलं. आक्का सगळ्यांवर खेकसल्या, "चला, जल्दी, भोंगा झाला," आणि स्वतः मात्र तिथंच भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

ती दुपार आक्कांनी कशी काढली ते मी पाहिलंय. बाकड्यावर बसायच्या, उठायच्या, पुन्हा बसायच्या. कमळचं बोट एखाद्या बटणावर थबकलं की यांच्या गळ्याशी शब्द यायचा आणि त्या पदराचा बोळा तोंडाशी धरायच्या. कमळ मात्र सुपानं पाखडावं तशी एका लयीत काम करत होती. साहेबांचं सूप मला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी फोन वाजला. आक्कांनी झडप घालून उचलला.

"एक चूक आहे," साहेब म्हणाले. ते इतक्या मोठ्यानं बोलायचे की खोलीभर ऐकू यायचं.

"एक?" आक्का म्हणाल्या. "माझ्या रोज दोन असत्यात साहेब. मागून दुरुस्त करते म्हनून तुम्हाला कळत न्हाई."

आणि साहेब हसले. आमच्या साहेबांचं हसणं ऐकलेली माणसं कंपनीत फार नव्हती. मी जीप रिकामी घेऊन परत आलो. वाटेत शेलगावजवळ थांबून चहा प्यालो, आणि इतका बरा चहा मी त्या उन्हाळ्यात प्यालो नव्हतो.

पुण्याच्या माणसानं पहारेकऱ्याला शहाणं केलं. आता तो पहिल्यापासून वाचत बसत नाही, आणि कोणी चुकलं तर तेवढ्यापुरती एक ओळ माझ्या पडद्यावर लगेच येते. हे मी आक्कांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटली. "म्हंजे हितं कोन्ही दार वाजवलं की तुम्हाला जालन्यात कळतं?" म्हटलं, नावासकट कळतं. बायांसाठी मी आमच्याकडचा एक मोडीत काढलेला कॉम्प्युटर पाठवून दिला. तार नाही, सर्व्हर नाही. त्यात काहीही टाका, कोणाची गाडी अडत नाही. आक्कांनी तो बाहेर पडवीत ठेवला आणि नळ जवळ आला म्हणून खूश झाल्या.

दिवाळीत त्या निवृत्त झाल्या. हार, नारळ, भाषणं, सगळं झालं. साहेब स्वतः आले होते. आल्या आल्या त्यांनाही हात धुवावे लागले. मी घरी पोचतो न पोचतो तोच आक्कांचा फोन.

"माझं नाव काढलं का तेच्यातून?"

"उद्या काढतो आक्का. घाई काय आहे?"

"आजच काढा. घर सोडल्यावर किल्ली ठिवती का कोन्ही जवळ?"

पुन्हा ऑफिसात गेलो आणि त्यांचं खातं बंद केलं. साधं काम, एका बटणाचं. पण बोट जड झालं होतं, लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर कधीमधी खुशाली कळायची. कमळच्या नोंदी येत राहिल्या, नीटनेटक्या. उन्हाळ्यात एके दुपारी मी जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. सर्व्हर छान चालला होता, गाड्या निघत होत्या, ऑफिसात पंखे फिरत होते. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ आली. बदनापूर. चुकीचा प्रयत्न. आणि पुढं नाव, आक्कांचं.

मी हातातला घास ठेवून बदनापूरला फोन लावला. कमळनं उचलला.

"आक्का आल्यात का तिथं?"

"आल्त्या सायेब. आत्ताच गेल्या. लेकीकडं नागपूरला चालल्या, कायमच्या. हितलं घर आवरलं समदं. गाडीची येळ झाल्ती, बसल्याबी न्हाईत नीट."

"अहो, मग मला फोन तरी लावायचा!"

"मी म्हनलं की. म्हनलं, सायबांना फोन लावते, दोन शब्द बोला. तर म्हनल्या, फोनवर मला रडू येतं. मंग मला उठवलं आन् खुर्चीत बसल्या. आपलं नाव टाकलं, बटन दाबलं. न्हाई म्हनला त्यो. तर हसल्या, म्हनल्या, पोचला बघ निरोप."

 पलीकडं चाळणीचं यंत्र घरघरत होतं.

"सायेब? पोचला का?"

"पोचला," मी म्हणालो. "पळत जाऊन सांगा त्यांना, पोचला म्हणावं."

"आता कुठं सायेब," कमळ म्हणाली. "गाडी हलली की."